विंडोज 10 गेलं, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आलं, आता त्याचं मॅन्युअल वाचायचं कसं?

विंडोज 10 च्या सपोर्टची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली आणि सोडून दिली, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कंप्युटर नेहमीसारखाच सुरू झाला, टॅली उघडलं, प्रिंट निघाली, मग बिघडलं काय? बिघडलं एवढंच की सुरक्षेचे फुकट अपडेट यायचे थांबले, म्हणजे उद्या विंडोजमध्ये एखादी नवीन फट सापडली तर ती तुमच्या मशीनवर तशीच उघडी राहणार. घरच्या वापरासाठी पैसे भरून किंवा काही अटी मान्य करून ते अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत घेता येतील अशी सोय मायक्रोसॉफ्टने केली, पण ती एका वर्षाचीच. आणि विंडोज 11 टाकावं म्हटलं तर त्याच्या अटी कडक, टीपीएम 2.0 म्हणून एक सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे 2017 च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद.

ठाण्यात गोखले रोडला किंवा स्टेशनच्या आसपास कुठल्याही रिपेअरवाल्याकडे असा लॅपटॉप घेऊन गेलात तर तो सांगणार, नवीन घ्या, नाहीतर एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून लिनक्स करून देतो, म्हणजे विंडोजच्या जागी दुसरी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स करून देणं आता खरंच सोपं झालंय, अर्ध्या-पाऊण तासात होतं. अडतं ते घरी आल्यावर. प्रिंटर कुठे गेला, सी ड्राइव्ह कुठे गेला, मराठी कसं टाइप करू, आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की कोणीतरी एक शहाणा हमखास म्हणतो, "मॅन्युअल वाचा ना." आता मॅन्युअल वाचायचं म्हणजे नेमकं काय उघडायचं, कुठून सुरू करायचं, त्यातलं काय सोडायचं, हे कोणीच सांगत नाही. या लेखात तेवढंच आहे.

एक आधीच सांगतो. खाली कमांडची, म्हणजे टाइप करून कंप्युटरला द्यायच्या हुकुमांची, नावं मी देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांतच करायची.

आधी बदललं काय ते बघू

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे हार्डवेअर आणि तुमचे प्रोग्राम यांच्या मधला थर, फाइली कुठे ठेवायच्या, प्रिंटरशी कोण बोलणार, कोणाला काय उघडायची परवानगी, हे सगळं तो ठरवतो. हा थर बदलला की ब्राउझर तोच दिसतो पण खालचे नियम बदलतात, आणि आपल्याला खालचे नियम कधी कोणी शिकवलेलेच नसतात. कंप्युटर क्लासमध्ये आपण शिकलो ते असं, की स्टार्टवर क्लिक करा, मग डावीकडून तिसरं चित्र, मग ओके. चित्र हललं की आपण संपलो.

लिनक्समध्ये सी, डी, ई असे ड्राइव्ह नसतात. सगळं एकाच झाडावर, मूळ म्हणजे नुसती एक तिरकी रेघ (स्लॅश, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची), त्याखाली होम नावाचा फोल्डर आणि त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, तुमचं सगळं सामान तिथे. पेनड्राइव्ह लावला तर तोही याच झाडावर एका फांदीला येऊन लटकतो, बहुतेक वेळा मीडिया नावाच्या फोल्डरखाली. फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरतात, त्यामुळे "बिल" मधला बी मोठा असलेली फाइल वेगळी आणि लहान असलेली वेगळी. सॉफ्टवेअर इकडून तिकडून एक्सई फाइल उतरवून टाकायचं नसतं, ते पॅकेज म्हणून येतं, म्हणजे बनवणाऱ्यांनी तपासून एका ठिकाणी ठेवलेला गठ्ठा, आणि तुमच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून तो घ्यायचा. हे कळलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो, आणि गंमत म्हणजे हे सगळं मशीनमध्येच लिहून ठेवलेलं आहे, "मॅन 7 हायर" (हायरचं स्पेलिंग एच-आय-ई-आर) अशी कमांड दिली की कुठल्या फोल्डरमध्ये काय असतं त्याचं वर्णन समोर येतं. ते कसं वाचायचं तिकडे येतोच.

डॉक्युमेंटेशन म्हणजे एक पुस्तक नव्हे

बहुतेकांचं इथेच चुकतं. "डॉक्युमेंटेशन वाच" म्हटल्यावर माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो, दहाव्या पानावर झोपतो आणि ठरवून टाकतो की हे आपल्यासाठी नाही. दानिएले प्रोचिदा म्हणून एक जण आहेत, त्यांनी डायाटॅक्सिस नावाची एक मांडणी केलीय आणि ती आता बऱ्याच सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये वापरतात. त्यात डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार केलेत. पहिला, हात धरून शिकवणारा धडा. दुसरा, एक ठराविक काम कसं करायचं त्याच्या पायऱ्या. तिसरा, संदर्भ, म्हणजे प्रत्येक बटण आणि प्रत्येक ऑप्शन काय करतो त्याची कोरडी नोंद. चौथा, हे असं का आहे त्याचा खुलासा.

नवशिक्याला हवा असतो पहिला प्रकार, आणि "मॅन्युअल वाच" म्हणणारा त्याला पाठवतो तिसऱ्याकडे. त्यात दोष दोघांचाही नाही पण वाचणारा उगाच स्वतःला ढ समजायला लागतो. तेव्हा कुठलंही पान उघडलं की आधी एवढंच विचारा की हे या चारांतलं कुठलं. पायऱ्या दिल्या असतील तर क्रमाने करत जा, मधली गाळू नका. कोरडी नोंद असेल तर सगळं वाचायचंच नाही, हवं ते शोधायचं आणि बाहेर पडायचं.

लिनक्स एकच नसतं, मिंट, उबुंटू, आर्च ही त्याचीच वेगवेगळी रूपं. त्यातलं लिनक्स मिंटचं इन्स्टॉलेशन गाइड हा दुसऱ्या प्रकारचा चांगला नमुना आहे, छोटं आहे, चित्रं आहेत. फ्रीबीएसडी नावाची एक वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, 1993 पासूनची, तिचं हँडबुक म्हणजे पहिल्या इन्स्टॉलपासून नेटवर्कपर्यंत सगळं एका पुस्तकात. आर्च लिनक्सची विकी नावाला आर्चची, पण मिंट आणि उबुंटूवालेही तिकडे जाऊन वाचतात, फक्त पॅकेजची नावं आणि इन्स्टॉलच्या कमांड तिथे आर्चच्या असतात हे ध्यानात ठेवायचं. आणि ओपनबीएसडी म्हणून फ्रीबीएसडीच्याच कुळातली एक सिस्टिम आहे, तिचे लोक तर डॉक्युमेंटेशनमधली चूक ही प्रोग्राममधल्या चुकीइतकीच गंभीर मानतात, त्यांच्याकडे "आफ्टरबूट" नावाचं एक पानच आहे, नवीन सिस्टिम पहिल्यांदा सुरू झाली की काय काय तपासायचं त्याचं. हे प्रत्येकाने करायला हवं खरं तर.

गाइडमधला कंटाळवाणा भाग आणि 2016 ची गोष्ट

मिंटच्या गाइडमध्ये सुरुवातीलाच एक प्रकरण आहे, उतरवलेली आयएसओ फाइल तपासा म्हणून. आयएसओ म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एका फाइलमध्ये बांधलेली प्रत, जी आपण पेनड्राइव्हवर टाकतो. तर ती फाइल उतरवली की "एसएचए256सम" नावाची कमांड त्या फाइलवर चालवायची, चौसष्ट अक्षरांचा एक लांबलचक आकडा येतो, तो मिंटने जाहीर केलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे, आणि पुढे त्या आकड्यांच्या यादीवरची डिजिटल सहीपण तपासायची. दहातले नऊ जण हे गाळतात. व्हिडिओवालेपण गाळतात, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही.

20 फेब्रुवारी 2016 ला मिंटची वेबसाइट हॅक झाली होती. चोरांनी डाउनलोडची लिंक बदलून आपली आयएसओ तिथे लावली, तिच्यात चोरदरवाजा होता, आणि त्या दिवशी ज्यांनी मिंटची सिनॅमन नावाची आवृत्ती त्या लिंकवरून उतरवली त्यांच्या हाती ती गेली. आता विचार करा, वेबसाइटच चोरांच्या ताब्यात असेल तर वेबसाइटवर लिहिलेला आकडाही ते बदलू शकतात की, म्हणून नुसता आकडा जुळवून भागत नाही, सही मात्र मिंटवाल्यांचीच लागते, म्हणून त्या सहीची पायरी. ज्याला हे माहीत नाही त्याला ते प्रकरण फालतू वाटणार. माझं मत असं की इन्स्टॉलच्या गाइडमध्ये जी पायरी सगळ्यात निरर्थक वाटते तिथेच जरा थांबावं, कोणीतरी तिथे हात पोळून घेतलेला असतो.

त्याच गाइडमध्ये हेही लिहिलंय की पेनड्राइव्हवरून सिस्टिम नुसती चालवून बघता येते, हार्ड डिस्कला हात न लावता. वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का, हे आधीच बघा. आणि आवृत्तीच्या रिलीज नोट्स असतात, त्यात माहीत असलेल्या अडचणींचा एक भाग असतो, तेवढा तरी वाचाच, दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढचा रविवार वाचतो.

मशीनमध्येच असलेलं मॅन्युअल

आता टर्मिनल. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी जिथे टाइप करून कंप्युटरला काम सांगतात. रोजच्या वापराला मिंट किंवा उबुंटूमध्ये टर्मिनलची गरज फारशी पडत नाही, पण मॅन्युअल तिथे आहे म्हणून एकदा उघडा.

"मॅन" आणि पुढे कमांडचं नाव दिलं की त्या कमांडचं पान उघडतं. इंटरनेट लागत नाही, जाहिरात नाही, आणि तुमच्या मशीनवर जी आवृत्ती आहे साधारण तिचंच पान असतं. ही पद्धत जुनी आहे, बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स बनवलं त्याच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती 3 नोव्हेंबर 1971 ची. त्यात प्रत्येक पानावर त्या प्रोग्रामचा मालक कोण ते लिहिलेलं असायचं आणि खाली "बग्ज" असा एक मथळा, म्हणजे आमच्या या प्रोग्राममध्ये काय चुकतं ते आम्हीच सांगतो. आजही बऱ्याच पानांवर तो मथळा असतो. फ्रिज-टीव्हीच्या माहितीपत्रकात असं कधी बघितलंय का?

पान उघडलं की पहिली अडचण येते ती बाहेर पडायची. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीतले एक रिटायर्ड काका आहेत, उत्साहाने मॅनचं पान उघडलं आणि मग एस्केप दाबून बघितलं, एंटर दाबून बघितलं, शेवटी खिडकीच बंद केली. "अरे, हे बंद कुठून होतं? वर फुली पण नाही." "काका, क्यू दाबा नुसता." "आणि हे लिहिलंय कुठे?" लिहिलेलं असतं तसं, तळाच्या ओळीत, क्यू ने बाहेर आणि एच ने मदत असं, पण तिकडे लक्ष कोणाचं जाणार. तर क्यू म्हणजे बाहेर, स्पेसबार म्हणजे पुढचं पान, तिरकी रेघ देऊन शब्द टाकला की तो शब्द शोधतो आणि एन दाबलं की पुढच्या ठिकाणी जातो. एवढ्यावर सगळं भागतं.

पानांचे विभाग असतात, 1 ते 8. विभाग 1 मध्ये आपल्या रोजच्या कमांड, 5 मध्ये सेटिंगच्या फाइली कशा लिहायच्या ते, 7 मध्ये इकडचं तिकडचं आणि 8 मध्ये सिस्टिम सांभाळणाऱ्याच्या कमांड. 2 आणि 3 प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, ते आपण सोडून द्यायचे. विभाग कळायला हवेत कारण एकाच नावाची दोन पानं असू शकतात. "मॅन पासडब्ल्यूडी" दिलं तर पासवर्ड बदलायच्या कमांडचं पान येतं, "मॅन 5 पासडब्ल्यूडी" दिलं तर त्याच नावाच्या फाइलचं.

एक खाचखळगा. "मॅन सीडी" दिलं, म्हणजे फोल्डर बदलायची जी सगळ्यात साधी कमांड तिचंच पान मागितलं, तर उबुंटू म्हणतं असं पान नाही. माणसाला वाटतं मॅन्युअलच अर्धवट आहे. कारण असं की सीडी हा वेगळा प्रोग्राम नाही, तुम्ही टाइप केलेलं वाचणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला शेल म्हणतात, त्याच्या आतच ती कमांड आहे. तिथे "हेल्प सीडी" द्यायचं. कुठली कमांड आतली आणि कुठली बाहेरची ते "टाइप सीडी" दिलं की कळतं, इथे टाइप ही पण कमांडच आहे हं.

चौकटी कंसांची ती ओळ

मॅनच्या पानावर वरतीच "सिनॉप्सिस" असा मथळा असतो आणि त्याखाली एक-दोन विचित्र ओळी, चौकटी कंस, टिंबं, मोठी अक्षरं. लोक नेमकी तीच ओळ सोडून खालचं गद्य वाचायला जातात आणि हरवतात, खरं तर सगळं त्या ओळीत आहे.

ठाणे स्टेशनवरचा इंडिकेटर आठवा. एक नाव, एक एफ किंवा एस, 12 किंवा 15, आणि वेळ. गावाकडून पहिल्यांदा आलेल्या माणसाला त्यातलं काही कळत नाही, आणि आपण जिना उतरता उतरता नजर टाकतो आणि कळतं की फास्ट आहे, पंधरा डबे आहेत, मधली काही स्टेशनं गाळणार, पुढे सरकायला हवं. कोणी वाक्यात लिहिलं असतं की ही गाडी जलद असून तिला पंधरा डबे आहेत तर वाचेपर्यंत गाडी गेली असती. सिनॉप्सिसची ओळ तशीच आहे, ज्यांना रोज लागते त्यांच्यासाठी आखडून लिहिलेली, खुणा एकदा कळल्या की संपलं.

खुणा अशा. चौकटी कंसात जे आहे ते दिलं तरी चालतं, नाही दिलं तरी चालतं. तीन टिंबं म्हणजे आधीची गोष्ट एकापेक्षा जास्त वेळा देता येते. मधे उभी रेघ असेल तर हे किंवा ते, दोन्ही नाही. मोठ्या अक्षरांतला किंवा अधोरेखित शब्द म्हणजे तिथे तुमचं स्वतःचं काहीतरी घालायचं, फाइलचं नाव वगैरे. बाकी जसं आहे तसं टाइप करायचं.

आता कॉपी करायची कमांड घेऊ, सीपी. तिच्या सिनॉप्सिसमधली एक ओळ मराठीत सांगायची तर अशी: सीपी, मग चौकटी कंसात ऑप्शन आणि तीन टिंबं, मग सोर्स आणि तीन टिंबं, मग डिरेक्टरी. म्हणजे ऑप्शन द्या किंवा नका देऊ, हवे तेवढे द्या, मग कुठल्या फाइली उचलायच्या त्या एक किंवा अनेक, आणि शेवटी त्या कुठे ठेवायच्या तो फोल्डर. सोर्स कंसात नाही, डिरेक्टरी कंसात नाही, म्हणजे ते दोन्ही द्यावेच लागणार. आपण अजून खालचा मजकूर वाचलेलाही नाही आणि कमांड वापरता येईल एवढं कळलं.

मग खाली ऑप्शनची यादी, तिथे शोधाशोध करायची. समजा गणपतीचे सगळे फोटो पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर आणायचेत. फोल्डरच्या आतले फोल्डरही यायला हवेत, त्याला डॅश आर, म्हणजे छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून आर. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर विचारून मगच वर लिही, त्याला डॅश आय. काय काय केलं ते सांगत जा, डॅश व्ही. आणि एक जे कोणाला सुचत नाही, डॅश पी. हे दिलं नाही तर कॉपी झालेल्या सगळ्या फाइलींवर आजची तारीख पडते, आणि तारखेप्रमाणे लावायला गेलात की 2012 चा गणपती आणि 2024 चा गणपती एकाच ढिगात. फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख असते ती जात नाही, पण साध्या मजकुराच्या फाइलींना ती सोय नसते. डॅश पी काय करतं ते त्या पानावर एका ओळीत लिहिलंय.

कमांडचं नावच माहीत नसेल तर?

हा आक्षेप बरोबर आहे. मॅन्युअलला नाव दिलं तर ते पान देतं, पण मला नावच माहीत नाही म्हणून तर मी मॅन्युअलकडे आलो. त्याला "मॅन डॅश के" आणि पुढे एक इंग्रजी शब्द, "अप्रोपो" नावाची कमांड (स्पेलिंगच्या शेवटी एस येतो) पण तेच करते. मॅन डॅश के कॉपी असं दिलं की ज्या ज्या पानाच्या एका ओळीच्या वर्णनात कॉपी शब्द आहे त्यांची यादी येते. यादी लांब येते, घाबरायचं नाही, नावापुढे कंसात विभागाचा आकडा असतो, आपल्याला 1 आणि 8 वालेच बघायचेत, बाकीच्यांवरून नजर फिरवली की संपलं. आणि बहुतेक पानांच्या तळाशी "सी ऑल्सो" असतं, शेजारपाजारच्या पानांची नावं. मला विचाराल तर शिकणं खरं त्या शेवटच्या ओळीतून होतं, एक बघायला गेलो आणि तीन गोष्टी कळल्या असं.

पण व्हिडिओ बघून होतं की सगळं!

होतं ना. एखादी गोष्ट पहिल्यांदा करताना दुसरा माणूस कुठे क्लिक करतो ते बघण्याला तोड नाही. अडचण दुसऱ्या वेळी येते, तेव्हा वीस मिनिटांच्या व्हिडिओत ते एक वाक्य कुठे होतं ते सापडत नाही, आणि व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा असेल तर मधल्या काळात मेन्यू हललेला असतो. त्यात लिनक्स, मॅक आणि बीएसडी यांच्या कमांड नावाला सारख्या आणि वागायला वेगळ्या असतात. एसईडी नावाची मजकूर बदलणारी कमांड आहे, तिचा डॅश आय हा ऑप्शन लिनक्सवर नुसता दिला तरी चालतो, मॅकवर त्याच्यापुढे आणखी एक गोष्ट द्यावीच लागते, नाही दिली तर पुढचाच शब्द ती गोष्ट म्हणून गिळतो आणि भलतीच एरर येते. सांगणाऱ्याचं बरोबर, तुमचंही बरोबर, सिस्टिम वेगळी. म्हणून आपल्या मशीनवरचं पान.

एआय आहे ना आता

हो, आणि ते वापरावंच, विशेषतः कमांडचं नाव शोधायला, कारण मराठीत विचारलं तरी त्याला कळतं, मॅन डॅश केला कळत नाही. फक्त ते ज्या आत्मविश्वासाने बरोबर सांगतं त्याच आत्मविश्वासाने नसलेला ऑप्शनही सांगतं, किंवा दुसऱ्या आवृत्तीतला सांगतं, आणि तुम्हाला फरक कळायचा मार्ग नसतो. मार्ग आहे तो मॅनचाच. एंटर दाबायच्या आधी दुसरी खिडकी उघडायची, त्या कमांडचं पान काढायचं, तिरकी रेघ देऊन तो ऑप्शन शोधायचा, आहे का आणि तेच करतो का एवढं बघायचं. मिनिटभराचं काम.

काही कमांडच्या बाबतीत तर हे केल्याशिवाय एंटर नकोच. आरएम पुसते, आणि टर्मिनलमधून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, गेलं ते गेलं. डीडी मध्ये आयएफ म्हणजे कुठून वाचायचं आणि ओएफ म्हणजे कुठे लिहायचं, इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवताना लोक वापरतात, ओएफला पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्कचं नाव दिलं गेलं तर हार्ड डिस्कवर पाणी. आणि ज्या कमांडच्या सुरुवातीला सुडो आहे ती मालकाच्या अधिकाराने चालते, म्हणजे सिस्टिम तुम्हाला अडवणार नाही. सुडोला पासवर्ड देताना पुष्कळ लिनक्सवर काहीच दिसत नाही, ना स्टार ना टिंब, आणि लोकांना वाटतं कीबोर्डच बंद पडला. पडलेला नसतो, पासवर्ड आत जात असतो. मिंटवर स्टार दिसतात. ही सेटिंग आहे, नाव पीडब्ल्यूफीडबॅक, आणि ती सापडते "मॅन सुडोअर्स" मध्ये, ते पान विभाग 5 मधलं.

इंग्रजीचं काय?

हा खरा प्रश्न आहे आणि याला गोड उत्तर नाही. फायरफॉक्स मराठीत मिळतो, लिबरऑफिस मराठीत मिळतं, डेस्कटॉपचे मेन्यूही बऱ्यापैकी मराठीत होतात, पण मॅनची पानं इंग्रजीतच वाचायला लागतात. दिलासा एवढाच की हे इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकातलं नाही. तीच पाच-पन्नास क्रियापदं, छोटी वाक्यं, म्हणी नाहीत की विनोद नाहीत, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्याला पंधरा दिवसांत सवय होते. माझा सल्ला थोडा उलटा वाटेल पण शिकत असेपर्यंत मेन्यू इंग्रजीत ठेवा, कारण गाइडमध्ये ज्या बटणाचं नाव लिहिलंय तेच पडद्यावर दिसायला हवं, आणि एरर इंग्रजीत आली की ती जशीच्या तशी शोधता येते. सगळं बसलं की मग मराठी करा.

मराठी टाइप करायचं मात्र पहिल्याच दिवशी लावून घ्या. इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी प्रमाण कीबोर्ड, लिनक्सवर मिळतो, आणि इंग्रजी स्पेलिंगने मराठी टाइप करणाऱ्यांसाठी आयबस आणि एम17एन नावाची पॅकेजं आहेत, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधली की येतात, मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी वाढवायचं. छपाईवाल्यांकडच्या जुन्या फाइली, ज्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केल्यात, त्या उघडल्यावर एबीसीडीचा कचरा दिसेल. तो लिनक्सचा दोष नाही, तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तसंच दिसतं.

वाचलं, तरी अडलं तर?

अडणार. काही पानं खरंच वाईट लिहिलेली असतात, उदाहरण एकही नाही आणि ऑप्शन शंभर. सीपीसारख्या कमांडच्या पानाखाली लिहिलेलं असतं की पूर्ण मॅन्युअल "इन्फो" मध्ये आहे, तिकडे जास्त सविस्तर मिळतं. तरी नाही जमलं तर माणसांना विचारा, फक्त विचारताना सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती, दिलेली कमांड, आणि आलेली एरर अक्षर न अक्षर, फोटो काढून नव्हे तर कॉपी करून. "चालत नाहीये प्लीज हेल्प" ला कोणी काय उत्तर देणार. एररमध्ये "परमिशन डिनाइड" असेल तर परवानगीचा प्रश्न आहे, "नो सच फाइल" असेल तर बहुतेक नावात कॅपिटल-स्मॉलची गडबड, निम्म्या वेळा विचारायला लिहायला घेतलं की आपलं आपल्यालाच दिसतं.

माझं टॅली आणि डिजिटल सही चालेल का?

हे खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं पण लोक सगळ्यात शेवटी विचारतात, सिस्टिम पुसून झाल्यावर. इथेपण डॉक्युमेंटेशनच, पण लिनक्सचं नाही, त्या सॉफ्टवेअरचं. प्रत्येकाच्या पानावर "सिस्टिम रिक्वायरमेंट्स" असतं. टॅली प्राइमला विंडोज लागतं, तिथे तसंच लिहिलंय, तेव्हा ज्यांचं दुकान टॅलीवर चालतं त्यांनी त्या मशीनला हात लावू नये. डिजिटल सहीच्या डोंगलला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या डाउनलोड पानावर बघायचं, प्रिंटरचंही तसंच, मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन. नवीन नेटवर्क प्रिंटर बहुतेक वेळा काहीही न टाकता चालतात, जुन्या यूएसबीवाल्यांचं सांगता येत नाही. ब्राउझर, मेल, पीडीएफ, बँकेचं काम आणि पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर जुना लॅपटॉप मिंट 22 वर 2029 पर्यंत अपडेट घेत राहील. आणि दोन्ही लागत असेल तर एका मशीनवर दोन्ही ठेवता येतं, मिंटच्या गाइडमध्ये त्याचं वेगळं पान आहे, फक्त ते करायच्या आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा आणि कॉपी करताना डॅश पी विसरू नका.